बदली फोन आणि सरलेली मुदत

(नभोवाणीवरील भाषण)



शाळेंत एखादे गुरुजी दीर्घ रजेवर गेले म्हणजे त्यांच्या जागीं बदली शिक्षक येतात. ते आले म्हणून वर्ष पुन्हां जूनपासून सुरू होत नाहीं. परीक्षा ठरल्या दिवशींच होते. परंतु त्याबरोबरच हेंही खरें कीं, 'मी काय, बदलीचा माणूस!' असें म्हणून त्यांना खुर्चीवर स्वस्थ बसून राहतां येत नाहीं. फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवावेंच लागतें. सारी हयात शाळेंत गेल्यामुळें मला हा दाखला सुचला. आज ज्या विषयावर मला आपल्याशीं बोलावयाचें आहे, त्याचें निम्में उत्तर या दाखल्यांत आहे.

विषय अगदीं घरगुती आहे. आपण दुकानांतून नवा मोबाइल घेतला. हमीच्या म्हणजे वॉरंटीच्या मुदतींत तो बिघडला. कंपनीनें तो ठेवून घेतला व त्याच्या बदल्यांत दुसरा दिला. पुढें मूळ हमीची मुदत सरली, आणि मग हा दुसराही बिघडला. आतां ग्राहकाचा कांहीं हक्क उरतो काय, कीं तारीख उलटली म्हणजे सारेंच संपलें?

हा प्रश्न मला पुस्तकांत भेटला नाहीं. तो माझ्याच घरीं आला. आमचें गांव लोणी काळभोर, पुण्यापासून सोलापूर रस्त्यानें सुमारें वीस किलोमीटरवर. २०२३ च्या मार्च महिन्यांत पुण्यांतील एका दुकानांतून मीं साडेसतरा हजार रुपयांचा मोबाइल घेतला. हमी एक वर्षाची होती. अकराव्या महिन्यांत, म्हणजे २०२४ च्या फेब्रुवारींत, त्याची कांच काळी पडली. कांच फुटली नव्हती, फोन पाण्यांत पडला नव्हता. घंटी वाजे, पण फोन कोणाचा तें दिसत नसे. सर्व्हिस सेंटरनें तक्रार मान्य केली आणि आठवड्याभरांत दुसरा फोन हातीं ठेवला. मीं आभार मानले, एका कागदावर सही केली, आणि त्या कागदाची प्रत न वाचतांच घडी करून खिशांत घातली. 'आधीं प्रश्नपत्रिका नीट वाचा, मग उत्तर लिहा' असें मुलांना जन्मभर बजावणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे!

जून महिन्यांत या दुसऱ्या फोनची कांचही तशीच काळी पडली. काउंटरवरील मुलानें संगणकांत पाहून सांगितलें, "काका, वॉरंटी मार्चमध्येंच संपली. मदरबोर्ड बदलावा लागेल. सात हजार आठशे रुपये होतील."

मीं म्हटलें, "अरे, हा फोन चार महिन्यांपूर्वीं तुम्हींच दिलात ना?"

तो म्हणाला, "हो काका, पण हा रिप्लेसमेंटचा आहे. त्याला पहिल्याच फोनची तारीख लागते."

मुलगा सभ्य होता, आणि त्याच्या हातीं कांहीं नव्हतें. मीं पाकीट बाहेर काढलेंही होतें. माझें निवृत्तिवेतन ज्या बँकेंत जमा होतें तिचा निरोप याच फोनवर येतो. पैशाचा कोणताही व्यवहार करावयाचा तर सांकेतिक आंकडा याच फोनवर. पत्नीच्या औषधांची चिठ्ठी, डॉक्टरांनीं दिलेली वेळ, नागपुरास असलेल्या नातवाचा रोज रात्रीं दिसणारा चेहरा, सारें त्या काळ्या कांचेच्या आड जाऊन बसलें होतें. फोनवांचून आठ दिवस काढणें कठीण, आणि या वयांत तक्रार करीत हिंडणें त्याहून कठीण. 'असेल त्यांचा नियम' असें मनाशीं म्हणून मी पैसे मोजणार होतों. थांबलों तो एवढ्याचसाठीं कीं, पाकिटांत तितके पैसे नव्हते.

घरीं येऊन फेब्रुवारींतला तो कागद मीं पहिल्यानें वाचला. त्यानंतर जें शोधलें, चार जाणत्यांना विचारलें आणि शिकलों, तें आज आपल्यापुढें ठेवतों. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शिक्षक आहें, वकील नव्हे. मोठ्या रकमेचें प्रकरण असेल तर वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा, हें आरंभींच सांगून ठेवतों.

या प्रश्नांत दोन निरनिराळीं वचनें आहेत, आणि आपण त्यांची गल्लत करतों. एक वचन कंपनीनें आपण होऊन दिलेलें. त्याला आपण वॉरंटी म्हणतों. दुसरें वचन कायद्यानें विकणाऱ्याच्या गळ्यांत घातलेलें. त्याचा कागद कोणी आपल्या हातीं देत नाहीं, म्हणून तें आहे हेंच आपण विसरतों. पहिलें संपलें म्हणजे दुसरेंही संपलें असें नाहीं.

प्रथम कंपनीचें वचन पाहूं. बदली दिलेल्या वस्तूला नव्यानें पूर्ण एक वर्षाची हमी मिळते अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बहुधा चुकीची ठरते. कित्येक हमीपत्रांत असें लिहिलेलें असतें कीं, बदली वस्तूला मूळ हमीचे उरलेले दिवसच मिळतील. म्हणजे बदली शिक्षक आले तरी परीक्षेची तारीख तीच. परंतु कांहीं कंपन्या या वाक्याला एक शेपूट जोडतात: उरलेले दिवस किंवा नव्वद दिवस, यांपैकीं जें अधिक असेल तें. माझ्या कागदावर नेमकें हें शेपूट होतें. फोन मिळाला फेब्रुवारीच्या मध्याला. मूळ हमी मार्चमध्यें सरणार होती. पण नव्वद दिवस मोजले तर हमी मे महिन्याच्या मध्यापर्यंत जात होती. काउंटरवरील मुलानें सांगितलेली मार्चची तारीख चुकीचीच होती! माझ्या दुर्दैवानें फोन जूनमध्यें बिघडला, म्हणून ही चूक माझ्या कामीं आली नाहीं. परंतु तोच फोन एप्रिलमध्यें बिघडला असता, तर न वाचलेल्या एका ओळीपायीं मीं सात हजार आठशे रुपये उगाच दिले असते. तेव्हां पहिला धडा हा कीं, संगणकांत काय दिसतें याआधीं कागदावर काय लिहिलें आहे तें पाहावें.

आतां कायद्याचें वचन. फार जुन्या काळापासून व्यापाराचा दंडक असा होता कीं, घेणाऱ्यानें डोळे उघडे ठेवून घ्यावें. मागाहून कुरकुर करूं नये. भाजीच्या बाजारांत हा दंडक ठीक आहे. वांगें किडकें आहे कीं नाहीं हें आपणांस उलटून पाहतां येतें. परंतु ज्या वस्तूचें पोट उघडून पाहतांच येत नाहीं, तिचें काय? आपल्या देशांत १९३० सालीं मालविक्रीचा कायदा झाला, आणि तो आजही अंमलांत आहे. त्याच्या सोळाव्या कलमांत हा जुना दंडक आरंभीं मान्य केला आहे, आणि लगेच त्याला अपवाद घातले आहेत. त्यांतला एक अपवाद असा: त्या प्रकारच्या मालाचाच व्यापार करणाऱ्याकडून एखादी वस्तु तिच्या वर्णनावरून घेतली असेल, तर ती त्या नांवानें बाजारांत खपण्याजोग्या दर्जाची असली पाहिजे, ही अट न लिहितांही विक्रींत धरलेली असते. घेणाऱ्यानें माल तपासला असेल, तर तपासणींत जो दोष दिसावयास हवा होता त्याबद्दल त्याला मागून बोलतां येत नाहीं; पण जो दोष तपासूनही दिसला नसता, त्याबद्दल बोलतां येतें. त्याच कलमांत पुढें असेंही म्हटलें आहे कीं, एखादी हमी लेखी दिली, एवढ्यावरून ही न लिहिलेली अट नाहींशी होत नाहीं. दोहोंत विसंगति असेल तरच लेखी शब्द तिला दूर सारतो. पक्षकारांना स्पष्ट करारानें अशी अट वगळतांही येते. म्हणून हमीपत्रांतील बारीक अक्षरें आपल्या विरुद्ध काय म्हणतात, तेंही वाचलें पाहिजे.

हापूस आंब्याचा दाखला घ्या. फळ बाहेरून पिवळेंधमक, वासाला गोड. कापलें तर आंत साका! दुकानदार म्हणेल, 'नेलेंत तेव्हां चांगलें होतें.' पण साका काय आपल्या घरीं आल्यावर धरला? तो झाडावरच धरलेला होता. दिसला मात्र सुरी फिरवल्यावर. मोबाइलच्या पोटांतील दोषाचें असेंच आहे. दोष दिसला केव्हां, एवढाच प्रश्न नाहीं. दोष जन्मला केव्हां, हा खरा प्रश्न आहे. तो वस्तूबरोबरच आला असेल, तर हमीची तारीख उलटल्यावर दिसला म्हणून तो आपला होत नाहीं.

१९३० चा कायदा चांगला असला तरी त्याच्या आधारानें दाद मागावयाची म्हणजे दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागे. एका पंख्यासाठीं किंवा शिवणयंत्रासाठीं तें कोण करणार? ही अडचण ओळखून ग्राहकांना संघटित करण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांत आपल्या पुण्याचा वाटा मोठा आहे. १९७४ सालीं बिंदुमाधव जोशी यांनीं पुण्यांत ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. पुढें १९८६ सालीं ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याला २४ डिसेंबर रोजीं राष्ट्रपतींची संमति मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्या कायद्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्यानें घेतली आणि तो २०२० च्या जुलैपासून अंमलांत आला.

या नव्या कायद्यांत 'दोष' या शब्दाची जी व्याख्या आहे ती आपण लक्षांत ठेवण्याजोगी आहे. वस्तूचा दर्जा, परिमाण, शुद्धता किंवा प्रमाण कायद्यानें अथवा करारानें जसें असावयास हवें, तसें नसेल तर तो दोष. आणि करार म्हणजे केवळ लिहिलेला नव्हे, तर न लिहितां गृहीत धरलेलाही. दोषाच्या व्याख्येंत हमीच्या तारखेचा उल्लेख नाहीं.

बदली फोनच्या बाबतींत आणखी एक कलम उपयोगी आहे. जुनी, डागडुजी केलेली किंवा पुन्हां जुळवलेली वस्तु नवी म्हणून खोटेंच सांगून देणें, याला हा कायदा अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो. बदल्यांत मिळणारा फोन कोरा करकरीत असेलच असें नाहीं. कित्येकदां दुसऱ्या कोणाचा परत आलेला फोन दुरुस्त करून दिला जातो, आणि कंपनीच्या पत्रकांत तशी मोकळीक ठेवलेली असते. तसें स्पष्ट सांगून दिला तर तो गुन्हा नाहीं. पण 'नवा आहे' असें म्हणून जुना दिला, तर तक्रारीला वेगळें कारण मिळतें. म्हणून बदली फोन घेतांना विचारावें, हा नवा कीं दुरुस्त केलेला? आणि उत्तर जॉबशीटवर लिहून घ्यावें.

येथपर्यंत ऐकून कोणाला वाटेल कीं, मग काय, फोन केव्हांही बिघडो, पैसे परत! तसें मुळींच नाहीं. हमीच्या मुदतींत आणि मुदतीनंतर, या दोन स्थितींत मोठा फरक आहे. मुदतींत फोन बिघडला आणि तो अपवादांत बसत नसला, तर कंपनी आपल्याच वचनानें बांधलेली असते. मुदतीनंतर मात्र दोष मूळचा आहे हें दाखविण्याचा भार ग्राहकावर येतो. वापरानें झिजलेली बॅटरी, हातांतून पडून तडकलेली कांच, आंत गेलेलें पाणी, हे मूळचे दोष नव्हेत. दोन अडीच वर्षें सुरळीत चाललेला फोन एके दिवशीं बंद पडला, तर केवळ तेवढ्यावरून कोणी दाद देणार नाहीं.

मग मूळचा दोष दाखवावयाचा कसा? बदली फोनवाल्याची बाजू येथें इतरांपेक्षां थोडी बळकट असते. पहिल्या फोनला जें दुखणें होतें तेंच दुसऱ्याला झालें, तेंही थोड्याच महिन्यांत, आणि दोन्ही वेळां बाहेरून इजा नाहीं असें सर्व्हिस सेंटरच्याच कागदावर लिहिलेलें आहे, तर दोष घडणींत असावा असें म्हणण्यास जागा होते. हा पुरावा निर्णायक नव्हे, पण तो बोलका आहे. परीक्षणावांचून दोष ठरत नसेल, तर ग्राहक आयोग वस्तु योग्य प्रयोगशाळेकडे धाडूं शकतो. आणि अहवाल पंचेचाळीस दिवसांत यावा अशी कायद्यांत तरतूद आहे.

या पुराव्याच्या दृष्टीनें कांहीं लहान गोष्टी मोठ्या ठरतात. प्रत्येक मोबाइलला पंधरा आंकड्यांचा एक ओळखक्रमांक असतो. त्याला आयएमईआय म्हणतात. अंकफलकावर *#०६# दाबलें म्हणजे तो कांचेवर उमटतो. आतां पाहा, आपल्या बिलावर पहिल्या फोनचा क्रमांक असतो आणि हातांत फोन असतो दुसरा. दोहोंना जोडणारा एकमेव दुवा म्हणजे बदलीच्या दिवशींची जॉबशीट. तिच्यावर जुना व नवा असे दोन्ही क्रमांक, तारीख आणि बिघाडाचें वर्णन हवें. ती हरवली, तर 'हा फोन या बिलावरचा नव्हेच' असें ऐकण्याची पाळी येते. दुसरें, 'आंत ओलावा शिरला आहे' असें कोणी म्हटलें, तर फोन आपल्यासमोर उघडावयास सांगावा. पुष्कळ फोनांत पाणी लागतांच लाल होणारी एक चिकटपट्टी असते. ती दाखवा म्हणावें आणि तिचें छायाचित्र मागावें. तिसरें, दोषाबद्दल दाद मागावयाची असेल तर तोंवर रस्त्यावरील कारागिराकडून फोन उघडवूं नये. कारागीर कुशल असेल, पण एकदां परक्या हातानें पोट फाडलें कीं आंतलें दुखणें मूळचें कीं मागाहूनचें, हें सांगणें अवघड होतें.

आमच्या आळींतील एका गृहस्थांची हीच गत झाली. त्यांचाही बदली फोन बंद पडला. पण बिल हरवलेलें, जॉबशीट रद्दींत गेलेली, आणि फोन दोन ठिकाणीं उघडून झालेला. त्यांची तक्रार खरी असेलही. परंतु तिला उभें राहावयास पाय नव्हते. मीं त्यांना नवा फोन घेण्याचा सल्ला दिला, आणि तो देतांना मला वाईट वाटलें.

आतां काळाचा हिशेब. हमीची तारीख गेली म्हणून घाबरूं नये. पण दुसरी एक तारीख अशी आहे कीं तिला घाबरलेंच पाहिजे. तक्रारीचें कारण उद्भवल्यापासून दोन वर्षांच्या आंत आयोगाकडे तक्रार दाखल करावी लागते. उशिराला सबळ कारण असेल तर आयोग तो माफ करूं शकतो. पण त्या माफीवर विसंबून राहूं नये. विशेषतः, कंपनीशीं पत्रव्यवहार चालू आहे म्हणून घड्याळ थांबत नाहीं. 'आपल्या तक्रारीची दखल घेतली आहे' अशीं गोड उत्तरें येत राहतात आणि आपलीं दोन वर्षें निघून जातात.

जावयाचें कोणाकडे, हेंही सांगतों. पहिली पायरी पत्राची. दुकानदार आणि कंपनी अशा दोघांच्याही नांवें पत्र लिहावें: वस्तु केव्हां घेतली, केव्हां बदलली, पुन्हां काय बिघडलें, आपली मागणी काय, आणि उत्तरासाठीं पंधरा दिवस. पत्र स्पीड पोस्टानें पाठवून पावती जपावी, आणि ई-मेलनेंही पाठवावें. दोघांनाही कां लिहावयाचें, तें एका गोमंतकीय ग्राहकाच्या प्रकरणावरून कळेल. त्यानें नव्या मोटारीचे पैसे भरले आणि हातीं आली ती दोन वर्षांपूर्वीं बनलेली, आधींच चाललेली गाडी. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. २०२१ सालीं न्यायालयानें दोष विक्रेत्याच्या माथीं ठेवला आणि गाडी बनविणाऱ्या कंपनीला मोकळें केलें. कारण विक्रेत्याच्या त्या कृत्यांत कंपनीचा हात होता असें दाखविलेलें नव्हतें. म्हणजे दुकानदाराची चूक आपोआप कंपनीची होत नाहीं. म्हणून कोणी काय केलें तें प्रत्येकाच्या नांवापुढें वेगळें लिहावें.

दुसरी पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची. तिचा क्रमांक १९१५. तेथें मराठींतूनही बोलतां येतें. हें न्यायालय नव्हे; तेथील माणसें आपली तक्रार कंपनीकडे पोंचवितात व उत्तर मागतात. कंपनीवर सक्ती करण्याचा अधिकार त्यांना नाहीं. तरी पुष्कळदां काउंटरवर न सुटलेली गांठ येथें सुटते, कारण कागद कंपनींतील वरच्या माणसापुढें जातो. फोन संगणकावरून मागविलेला असेल, तर त्या व्यापारी संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहावें. २०२० च्या नियमांप्रमाणें त्यानें अठ्ठेचाळीस तासांत पोंच द्यावयाची आणि एका महिन्यांत तक्रारीचा निकाल लावावयाचा असतो.

तिसरी पायरी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाची. वस्तूसाठीं दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार येथें चालते. आणि पांच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाहीं. वकील दिलाच पाहिजे असें नाहीं. आपली बाजू आपण मांडूं शकतों. तक्रार सरकारच्या 'ई-जागृति' या व्यवस्थेंतून घरबसल्याही दाखल करतां येते. २०१९ च्या कायद्यानें आणखी एक मोठी सोय केली आहे. पूर्वीं, समोरचा पक्ष जेथें असेल किंवा तक्रारीचें कारण जेथें घडलें असेल, तेथें जावें लागे. आतां ग्राहक जेथें राहतो तेथेंही तक्रार करतां येते. लोणी काळभोरच्या माणसानें बंगळूरच्या व्यापाऱ्याकडून फोन मागविला असला, तरी त्यानें पुण्याच्याच आयोगाकडे जावें. निकाल तीन महिन्यांत, आणि वस्तूचें परीक्षण करावयाचें असेल तर पांच महिन्यांत, लागावा असा कायद्याचा उद्देश आहे. प्रत्यक्षांत अधिक काळ जातो, हें धरूनच चालावें.

आयोग काय देऊं शकतो? दोष दूर करून देण्याचा, वस्तु बदलून देण्याचा, किंमत व्याजासह परत करण्याचा, आणि झालेल्या हानीबद्दल भरपाईचा हुकूम तो करूं शकतो. परंतु मागणी बेताची असावी. एका मोटारगाडीच्या प्रकरणांत २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, हमींत सदोष भाग बदलून देण्याचें वचन असेल, तर त्यावरून सबंध गाडी बदलून मागतां येत नाहीं. मदरबोर्ड बिघडला असेल तर मदरबोर्ड मागावा; तो देऊनही दुखणें परत आलें, तर किंमत मागण्यास बळ येतें. साडेसतरा हजारांच्या फोनसाठीं पांच लाखांची भरपाई मागणारा आपलीच तक्रार हलकी करतो. मात्र बॅटरीनें पेट घेतला आणि कोणाला इजा झाली, तर तें प्रकरण निराळें; त्यासाठीं या कायद्यांत उत्पादनाच्या दायित्वाचें स्वतंत्र प्रकरण आहे, आणि तेथें वकिलाशिवाय पाऊल टाकूं नये.

आतां माझ्या फोनचें पुढें काय झालें, तें सांगावयास हवें. मीं दुकानदाराला व कंपनीला पत्रें लिहिलीं. दुकानदारानें उत्तर दिलें नाहीं. कंपनीचें उत्तर आलें, अत्यंत नम्र, आणि त्यांत नकार होता. मग मीं १९१५ वर तक्रार नोंदविली. दोन्ही जॉबशीटांच्या प्रती जोडल्या. दोहोंवर 'बाहेरून इजा नाहीं' असें त्यांच्याच माणसानें लिहिलेलें होतें. इकडे आयोगाकडे द्यावयाची तक्रारही सुवाच्य अक्षरांत लिहून तयार ठेवली. तिसऱ्या आठवड्यांत शेजाऱ्यांच्या फोनवर कंपनीचा निरोप आला कीं, मदरबोर्ड विनामूल्य बदलून देतों. ही कृपा होती कीं न्याय, याचा निवाडा कोणी केला नाहीं, आणि माझ्या एका अनुभवावरून प्रत्येकाला असेंच यश येईल असेंही मी म्हणत नाहीं. नकार कायम राहिला असता तर मी आयोगाकडे गेलों असतों, आणि तेथें जिंकलों असतोंच असें नाहीं.

पण त्या तीन आठवड्यांत एक गोष्ट मनाला पटली. जूनमध्यें मी पैसे मोजावयास निघालों होतों तो हक्क नव्हता म्हणून नव्हे, तर विचारण्याची लाज वाटली म्हणून. आपल्यासारख्या मध्यमवर्गीय घरांत ही लाज फार असते. चार लोकांत घासाघीस नको, लहान रकमेसाठीं कटकट नको, असें आपण म्हणतों आणि त्याला सभ्यपणा समजतों. काउंटरवरील मुलावर ओरडणें हा असभ्यपणा खराच. तो बिचारा पगारी नोकर. परंतु शांतपणें कागद पुढें करून 'हें लेखी द्या' असें म्हणण्यांत असभ्य कांहींच नाहीं. सात हजार आठशे रुपये ही कांहीं घरांत लहान रक्कम असेल. पुष्कळ घरांत ती महिन्याची औषधें आणि किराणा आहे.

दुरुस्त झालेला फोन आणावयास गेलों तेव्हां त्याच मुलानें सहीसाठीं कागद पुढें केला. माझ्या मागें पांचसहा माणसें खोळंबलीं होतीं. मीं चष्मा काढून पुसला, पुन्हां लावला, आणि कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. बदललेल्या भागाला तीन महिन्यांची हमी, असें त्यांत होतें; तारीख मात्र घातलेली नव्हती. मीं ती घालून घेतली आणि मगच सही केली. मागच्या माणसांपैकीं एकजण कुरकुरला. त्याच्यापाठीमागच्या बाईंनीं मात्र पर्स उघडून आपला कागद बाहेर काढला आणि त्या तो वाचूं लागल्या.